आमच्याकडे लिफ्ट नाही

मुळात ठकूचा फोन ह्यांनी उचलायलाच नको होता. ती आंघोळीला गेली होती, फोन जेवणाच्या टेबलावर थरथरत होता आणि माझे दोन्ही हात एका भल्यामोठ्या पडद्याखाली गुंतलेले होते. मी पडदे शिवते. मोठा पडदा मशीनवर असला की मी निम्मी त्याच्या आतच असते. "अहो, बघा जरा कोण आहे," असं मीच म्हणाले, त्यामुळे दोष वाटायचा तर अर्धा माझ्या पदरात पडतो. पण मी 'बघा' म्हणाले होते, 'बोला' नव्हे.

ह्यांनी फोन कानाला लावला, जरासं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, आमच्याकडे लिफ्ट नाही. दोन मजल्यांचं घर आहे. आणि नकोच आहे आम्हाला." फोन बंद. "काय एकेक विकायला निघतात लोक," असं पुटपुटत पुन्हा पेपरात डोकं.

ठकू केस पुसत बाहेर आली. "कुणाचा होता?"

"कुणी नाही गं. लिफ्टवाले."

तिचा टॉवेल केसांतच थांबला. मी मशीनवरचा पाय काढला. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला आणि ह्यांच्या मात्र अजून पडला नव्हता. ते शब्दकोडं सोडवत होते.

ठकू म्हणजे आमची एकुलती एक. नाव वेगळं आहे, पण ते फक्त पदवीच्या कागदावर वापरतात. ही पोरगी लहानपणापासून काहीही उघडून बघणारी. एकदा माझं शिवणाचं मशीन तिनं सुटं करून जमिनीवर मांडलं होतं, आणि मी रडायच्या बेतात असताना पुन्हा जोडूनही दाखवलं होतं. एक स्क्रू उरला, तो अजून डब्यात आहे आणि मशीन अजून चालतंय. पुढे ती विजेच्या यंत्रांचं शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि तेव्हापासून घरात बसून होती. अर्ज, अर्ज आणि अर्ज. उत्तरं येत नव्हती. येत ती 'आपला अर्ज मिळाला' एवढीच, म्हणजे पोस्टमननं पत्र टाकलं एवढंच कळवल्यासारखं. त्या सगळ्या अर्जांत तिचा जीव एकाच ठिकाणी अडकला होता, तो ह्या लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपनीत.

आणि दुसरीकडे ह्यांचे चुलतभाऊ टपून बसले होते. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे, तिथे गल्ल्यावर बसायला विश्वासातलं माणूस हवं होतं. "महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो, पोरगी रिकामी बसण्यापेक्षा बरं," असं ते म्हणाले आणि ह्यांनी होकार देऊन टाकला. ठकूला विचारलंही नाही. एकदा गल्ल्यावर बसली की ती तिथून उठणार नाही, हे मला दिसत होतं. गल्ल्यावरची खुर्ची मऊ असते.

असो. ठकूनं तो नंबर परत लावला. लागेना. पुन्हा लावला. ती स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारत होती, केसांचं पाणी फरशीवर गळत होतं. एव्हाना ह्यांनाही कळलं होतं. कळलं की हा माणूस म्हणींचा आधार घेतो.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," ते खोल आवाजात म्हणाले.

"तिचं नाक चांगलं आहे," मी म्हणाले. "विघ्न इथे खुर्चीत बसलंय."

अखेर फोन लागला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज खणखणीत, मला मशीनपाशीही ऐकू येत होता. "हां हां, तुम्ही त्याच ना, ज्यांच्याकडे लिफ्ट नाही?" आणि त्या हसल्या. ठकूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण मुलाखतीला गुरुवारी सकाळी बोलावलं.

मधल्या दिवसांत घरात कुणी धड बसलं नाही. मी तिच्या काळ्या पँटची कंबर आत घेतली, मग जास्त घेतली म्हणून उसवली, मग पुन्हा घेतली. ह्यांनी उपदेशाचा नळ सोडला. समोरच्याच्या डोळ्यांत बघ, विचारलं तेवढंच बोल, खुर्ची ओढताना आवाज करू नको. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात एकच मुलाखत दिली, तीसुद्धा माझ्या वडिलांना. नोकरी तर त्यांना त्यांच्या मामांनी चिकटवली होती. हे मी बोलून दाखवलं, तेव्हा ठकू बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. ह्यांनीही हसून घेतलं, बिचाऱ्यांनी.

गुरुवारी नेमकं मला त्याच भागातल्या एका दवाखान्यात पडद्यांची मापं घ्यायची होती. नेमकं म्हणजे, मीच फोन करून गुरुवार ठरवला होता. ठकूला ते बरोबर समजलं. "ये, पण रस्त्याच्या पलीकडे थांबायचं," ती म्हणाली.

थांबले की. पण पलीकडून काय दिसणार? काचेची इमारत, काचेत मीच, गळ्यात मापाची टेप घातलेली. शेवटी न राहवून रस्ता ओलांडून आत गेले. खाली स्वच्छ पुसलेली फरशी, कुंडीतलं एक झाड आणि कोपऱ्यात लिफ्ट. लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला: 'बंद आहे. जिना वापरावा.' दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला हसू आलं आणि लगेच काळजीही लागली, कारण कंपनीचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं आणि ती कंबर काही चार मजल्यांच्या हिशेबानं शिवलेली नव्हती.

मी बाहेर येऊन उभी राहिले. टेप गळ्यातून काढून बोटाभोवती गुंडाळली, सोडली, गुंडाळली. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पोराकडे मी संशयानं बघत होते. कुणाच्या हातात फाईल दिसली की तो मला आमच्या ठकूच्या जिवावर उठलेला वाटे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे खरंच आहे. त्यातल्या एका कार्ट्यानं मला दवाखान्याचा पत्ता विचारला आणि 'थँक यू काकू' म्हणून गेला.

ठकू खाली आली तेव्हा तिच्या तोंडावरून काही कळेना. "चल," एवढंच म्हणाली. दवाखान्यात तिनं टेपचं दुसरं टोक धरलं, मी मापं लिहून घेतली, आणि घरी येऊन बघते तर सगळ्या खिडक्यांची उंची रुंदीच्या जागी मांडलेली.

जेवताना तिनं सांगितलं. मुलाखत घ्यायला एक बाई होत्या आणि एक साहेब, चष्मा कपाळावर ढकललेला, शर्टाच्या बाहीला ग्रीसचा डाग. बाईंनी घरचं, शिक्षणाचं वगैरे विचारलं. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय, आत माणूस आहे, तू पोहोचलीस. पहिलं काय करशील?

"तू काय सांगितलंस?" ह्यांनी घास तसाच हातात धरून विचारलं.

"म्हटलं, आधी आतल्या माणसाशी बोलेन. नाव विचारेन, मी बाहेर उभी आहे असं सांगेन. अडकलेल्याला बाहेर कुणीतरी आहे एवढं आधी कळायला हवं. मग बाकीचं."

"आणि मग?"

"साहेब हसले. बाईंकडे बघून म्हणाले, 'बघा. नाहीतर आपल्याकडची निम्मी पोरं आधी पाना शोधतात.'"

मी वाटी खाली ठेवली. "आपल्याकडची म्हणाले?"

"हो."

"आमच्याकडची नाही?"

"नाही गं. आपल्याकडची."

"मग झालं की काम!" मी म्हणाले. "परक्या माणसासमोर कुणी 'आपल्याकडे' म्हणतं का? तुला धरूनच बोलले ते."

"ते बाईंना म्हणत होते," ह्यांनी पाणी ओतलं. "ते दोघं कंपनीतलेच. त्यांचं ते आपलंच."

"पण ऐकत तर ठकू होती ना?"

"आणि दुसरं म्हणजे, 'आपल्याकडे' म्हणजे आपल्या देशात असंही असतं. आपल्याकडे रस्ते खराब, आपल्याकडे शिस्त नाही, आपल्याकडची पोरं आधी पाना शोधतात. जगाबद्दल बोलला असेल माणूस."

"की मान देऊन म्हणाले असतील?" ठकू स्वतःच म्हणाली. तिचाही जीव आता त्या एका शब्दात गुंतला होता. "आपण बसा, आपलं नाव काय, तसं?"

"तुला ते तू म्हणत होते की तुम्ही?" मी विचारलं.

"तू."

"मग तू म्हणणारा माणूस मधेच आपण म्हणून मान कशाला देईल?" मी विजयानं ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पुन्हा पाणी ओतलं. उत्तर ठकूकडे होतं.

"निघताना म्हणाले, 'आम्ही कळवू.'"

आम्ही. जेवण तिथेच संपलं. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. आमच्या ताटात दोन शितं होती आणि दोघांची चव वेगळी.

त्यानंतर घराला जो घोर लागला, तो सांगता येत नाही. फोन वाजला की ह्यांनी हात पाठीमागे घ्यायचे, कानाला खडा लावला होता त्यांनी. ठकू फोन घेऊन आंघोळीला जायला लागली. मी शिवताना मनातल्या मनात 'आपल्याकडची, आमच्याकडची' घोळवत बसायचे आणि टाका वाकडा जायचा. माझी बहीण फोनवर म्हणाली, "अगं, दुकानदार पण म्हणतो, 'ताई, आपल्याकडे सगळे रंग मिळतील.' म्हणून काय दुकान तुझं झालं?" मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

महिना संपत आला. ह्यांच्या चुलतभावाचे फोन वाढले, माणसाला गल्ल्याची घाई झाली होती. ठकू दार लावून खोलीत बसायला लागली. आतून काही आवाज यायचा नाही, पुस्तकाचं पान उलटल्याचासुद्धा नाही.

एका दुपारी मला राहवेना. मी माझ्या फोनवरून कंपनीत फोन लावला. चौकशी करायची, एवढंच ठरवलं होतं. काय चौकशी ते ठरवलं नव्हतं. तोच खणखणीत आवाज आला. "बोला. नवीन लिफ्ट की दुरुस्ती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आईनं फोन करून मुलीच्या नोकरीचं विचारलं तर मुलीचं काय होईल, हे मला नंबर लागल्यावर सुचलं.

"हॅलो? आपल्याकडे लिफ्ट आहे ना?" त्या बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे लिफ्ट नाही." आणि फोन ठेवून दिला.

मग कितीतरी वेळ मी पडद्यात तोंड खुपसून बसले. हसत होते की रडत होते, माझं मलाच समजत नव्हतं. उतावीळपणात ह्यांना नावं ठेवणारी मी.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी दुकानाला पक्कं सांगायचं होतं. ठकूचं दार बंदच. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. काय बोलायचं? 'होईल सगळं नीट' हे वाक्य वापरून वापरून विटलं होतं. मग मी शिवायचा पडदा उचलून नेला आणि तिच्या दाराला पाठ लावून खाली बसले.

"ठकू," मी म्हणाले, "मी बाहेर आहे गं. पडद्याच्या कडेला हेम घालतेय."

मी दोन टाके घातले.

"बोलायला पाहिजे असं नाही. बाहेर आहे एवढंच सांगितलं."

पडद्याची एक कड पुरी झाली तेव्हा दारापलीकडे काहीतरी सरकलं. तीही तिकडून दाराला टेकून बसली असावी, कारण लाकूड माझ्या पाठीत किंचित दबलं. "आई," ती म्हणाली, "काकांना येते म्हणून सांगून टाक. मला आता हे वाट बघणं नको झालंय."

ह्यांनी ते ऐकलं. बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते ते थांबले. त्यांनी फोन लावला. मी सुई धरून बसले होते, मला वाटलं, संपलं. हातातोंडाशी आलेला घास गेला.

"हां, मी बोलतोय," ते चुलतभावाला म्हणाले. "नाही. नाही येणार ती... अरे, विश्वासातली आहे म्हणूनच तर." तिकडून बरंच काही ऐकवलं जात होतं. ह्यांची मान खाली गेली, मग वर आली. "हे बघ, दादा. आमच्याकडे कॅशियर नाही. आणि नकोच आहे आम्हाला."

फोन बंद. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मोठ्या भावापुढे हा माणूस जन्मात कधी असं बोलला नव्हता.

ठकूचं दार उघडलं. माझा आधार गेला आणि मी पडद्यासकट मागे आडवी झाले. तिघंही हसलो, पण खरं सांगायचं तर तेव्हा आमच्याकडे काहीच नव्हतं, लिफ्ट नव्हती आणि आता गल्लाही नव्हता. पुढचे दिवस वाईट गेले. ह्यांना झोप नव्हती, आपण पोरीचं नुकसान तर केलं नाही ना, हे ते मला सारखं विचारायचे, आणि 'नाही हो' म्हणताना माझा आवाज दर वेळी बारीक व्हायचा.

फोन आला तेव्हा ठकू भांडी विसळत होती. फोन टेबलावर. तिचे हात साबणात, माझे पडद्यात. ह्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं, मग फोनकडे, आणि एक बोट लावून तो उचलला, काही न बोलता ठकूच्या कानाशी नेऊन धरला. अगदी देवाला फूल वाहावं तसा.

"हो," ठकू म्हणाली. "हो... सोमवारी... हो, नक्की." मग बराच वेळ ऐकत राहिली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दोनदा?" ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी मशीनच जोरात चालवलं.

नोकरी लागली. त्या खणखणीत आवाजाच्या बाईंनी शेवटी विचारलं होतं म्हणे, "तुमच्या घरच्यांना कुणीतरी लिफ्ट दाखवून आणा हो एकदा."

आता ती जाते. जाड तळाचे बूट, खिशाखिशांची पँट, पाठीवर हत्यारांची पिशवी. संध्याकाळी येते तेव्हा तिच्या हातांना ग्रीसचा वास असतो आणि बोलणं थांबत नाही. पहिले काही दिवस सगळं 'कंपनीत' असायचं. कंपनीत असं करतात, कंपनीत तसं करतात. साहेबांचं नाव तिनं आमच्यासमोर इतकं घेतलं की हे एकदा चुकून स्वतःच्या भावाला त्या नावानं हाक मारून बसले.

त्या दवाखान्याचे पडदे एकदाचे झाले. नव्या मापांनी. लावायला जायचं होतं आणि शिडी धरायला मला लागते ठकू. आजवर प्रत्येक पडदा तिनंच धरलाय, शाळेत होती तेव्हापासून.

सकाळी ती दारात बूट चढवत होती. मी म्हणाले, "शनिवारी येतेस ना गं दवाखान्यात? दोघी मिळून लावून टाकू."

"शनिवारी?" ती मान वर न करता म्हणाली. "अगं आई, आमच्याकडे शनिवारी सुट्टी नसते."

ह्यांचा पेपर खाली आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कितीतरी दिवस आम्ही ज्या शब्दाची वाट बघत होतो तो असा, बुटाची नाडी बांधता बांधता आला होता. तिकडून 'आपल्याकडे' होऊन नाही, तिच्या तोंडून 'आमच्याकडे' होऊन आला; आणि त्यात आम्ही नव्हतो.

सुई मला रोज टोचते, त्याचं काही वाटत नाही. हे वेगळ्या जागी टोचलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ती नोकरी खरी वाटली. आणि त्याच वेळी दाराच्या बाहेर उभं राहिल्यासारखंही वाटलं. ह्यांनी काहीतरी म्हण शोधायला तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

"बरं," मी म्हणाले. "मग तुमच्याकडे डबा किती वाजता खातात? त्या बेतानं भरून देत जाईन."

"दीडला," ठकू म्हणाली, आणि पिशवी पाठीवर टाकून निघाली. मी 'तुमच्याकडे' म्हणाले, हे तिच्या लक्षातही आलं नाही.